विठोबा प्रोग्रामर नव्हे : मराठवाड्यातील कीर्तनकार-प्रवचनकारांना खुले पत्र

मराठवाड्यातील समस्त कीर्तनकार व प्रवचनकार महाराज मंडळींस,

सादर जय हरी.

अलीकडे सप्ताहाच्या मंडपांतून, आणि त्याहून अधिक मोबाइलवर फिरणाऱ्या कीर्तनांच्या चित्रफितींतून, एक दाखला वारंवार कानी पडू लागला आहे. हे जग म्हणजे एका महाप्रचंड संगणकावर चाललेला खेळ आहे असे आता अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे. आपल्या ऋषींनी ज्याला माया म्हटले ती हीच. तेव्हा विज्ञानाला जे आज उमगले ते आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वीच सांगून ठेवले होते, अशी त्याची साधारण मांडणी असते. श्रोते माना डोलावतात, तरुण मुले फोन वर धरून तेवढाच भाग टिपून घेतात आणि दुसऱ्या दिवशी तो गावोगावी पोहोचलेला असतो. मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे आणि घरात माळ पिढ्यानपिढ्यांची आहे. या दोन्ही नात्यांनी आपल्यापुढे हे म्हणणे ठेवतो की हा दाखला आपल्या बाजूचा नाही. तो ज्या गृहीतावर उभा आहे ते गृहीत आपण दर कीर्तनात नाकारता, आणि तो ज्या देवापर्यंत नेऊन सोडतो तो पंढरीचा देव नव्हे.

मूळ म्हणणे काय आहे ते आधी पाहू, कारण मंडपात येईपर्यंत त्याचे रूप पार पालटलेले असते. निक बोस्ट्रॉम हे स्वीडनमध्ये जन्मलेले तत्त्वज्ञ. ते ऑक्सफर्ड विद्यापीठात असताना २००३ साली त्यांचा या विषयावरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात प्रयोग नाही, दुर्बिणीतून केलेले निरीक्षण नाही; तो संभाव्यतेवर बेतलेला एक युक्तिवाद आहे. मानवजात पुढेमागे इतकी प्रगत झाली की पूर्वजांचे अख्खे आयुष्य, त्यांच्या मनातल्या विचारांसकट, संगणकावर उभे करता येईल, तर असे खेळ असंख्य वेळा चालवले जातील, आणि मग खऱ्या पूर्वजांपेक्षा संगणकातल्या पूर्वजांची संख्या कितीतरी पटींनी जास्त भरेल. अशा स्थितीत आपण खऱ्यांपैकी आहोत असे मानायला आधार काय, असा त्यांचा प्रश्न आहे. त्यांनी आकडेमोडही केली. आजवर जन्मलेल्या साऱ्या माणसांच्या मेंदूंचे काम मोजले तर ते १ वर ३३ ते ३६ शून्ये इतक्या क्रियांचे होईल, आणि एखाद्या ग्रहाएवढ्या वस्तुमानाचा संगणक एका सेकंदात १ वर ४२ शून्ये इतक्या क्रिया करू शकेल. म्हणजे मानवाचा संपूर्ण मनोव्यापार पुन्हा चालवायला त्या संगणकाच्या एका सेकंदातल्या शक्तीचा फार तर दशलक्षांश भाग लागेल.

पण एवढ्यावरून बोस्ट्रॉम आपण संगणकात आहोत असा निष्कर्ष काढत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की तीनपैकी एक गोष्ट खरी असलीच पाहिजे: तेवढी प्रगती होण्याआधीच जवळजवळ सर्व मानवसदृश संस्कृती नष्ट होतात, किंवा तेवढी प्रगती झाल्यावर असले खेळ चालवण्यात त्यांना रस उरत नाही, किंवा आपण बहुधा अशाच एखाद्या खेळात आहोत. तिन्हींपैकी कोणती खरी, हे ठरवण्याइतकी माहिती आपल्याजवळ नाही, असे ते स्वतःच लिहितात. मंडपात येताना पहिल्या दोन शक्यता वाटेतच गळतात आणि तिसरीला ‘सिद्ध झाले’ हे बिरुद चिकटते. २०१६ साली एलॉन मस्क या उद्योगपतीने एका जाहीर मुलाखतीत, आपण मूळ जगात असण्याची शक्यता अब्जावधींत एक आहे, असे विधान केले आणि तेव्हापासून ही कल्पना घरोघरी गेली. उद्योगपतीचे मत म्हणजे पुरावा नव्हे, हे आपल्यासारख्यांना सांगायला नको. कोणाचे वचन प्रमाण धरावे आणि कोणाचे धरू नये याचा विचार आपल्या शास्त्रांनी इतरांपेक्षा जरा जास्तच केला आहे.

याच्या जोडीला पुंजभौतिकीचे, म्हणजे क्वांटम फिजिक्सचे, एक वाक्य हमखास येते. कण कोणी पाहिला तरच जागेवर सापडतो, व्हिडिओ गेममध्ये खेळणाऱ्याची नजर जाईल तेवढेच दृश्य तयार होते, म्हणून जग हा गेम आहे, असे ते वाक्य. वर्गात मी दोन फटींचा प्रयोग शिकवत आलो, म्हणून ठामपणे सांगतो की तिथे डोळ्याचा किंवा पाहणाऱ्याच्या मनाचा काही संबंध नाही. कण कोणत्या फटीतून गेला याची नोंद करणारे यंत्र बसवले की, एरवी दोन्ही फटींमुळे पडद्यावर उमटणारे लाटांसारखे पट्टे जातात, मग खोलीत कोणी असो वा नसो. अवकाश हे चौकटींच्या जाळीसारखे असेल तर अतिप्रचंड ऊर्जेच्या विश्वकिरणांत त्याचा काही माग लागेल का, याचा गंभीर विचार सायलस बीन, झोहरे दावूदी आणि मार्टिन सॅव्हेज या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१२ साली मांडला होता. तो विचार चांगला आहे, कारण त्यात तपासण्याजोगे काहीतरी आहे. पण तशी जाळी आजवर कोणाला आढळलेली नाही.

विज्ञानाच्या बाजूने एवढे पुरे. मला अधिक कळकळीने बोलायचे आहे ते परमार्थाच्या बाजूने.

बोस्ट्रॉम यांच्या निबंधात सुरुवातीलाच एक गृहीत सांगितले आहे, आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे गृहीत म्हणूनच सांगितले आहे. जाणीव ही मेंदूच्या पेशींनाच चिकटलेली नाही. योग्य प्रकारची आकडेमोड झाली की ती सिलिकॉनच्या तुकड्यांवरही उपजेल, असे ते गृहीत. ते काढून घेतले तर सगळी इमारत खाली येते, कारण मग संगणकातल्या बाहुल्या कितीही हालल्या-बोलल्या तरी आत कोणी नाही, आणि ‘मी त्यांच्यापैकी आहे का’ हा प्रश्नच उठत नाही. आता महाराज, आपण व्यासपीठावर उभे राहून काय सांगता ते आठवावे. देह जड आहे, मन जड आहे, बुद्धीही जडच. या सगळ्यांना प्रकाशित करणारे चैतन्य कशापासून निर्माण झालेले नाही, तेच साऱ्याचे अधिष्ठान आहे, हे तर आपल्या प्रत्येक निरूपणाचे मर्म. चैतन्य हे जडाच्या विशिष्ट मांडणीतून उपजते असे मानणारा पक्ष आपल्या परंपरेला फार जुना ठाऊक आहे आणि त्याचे नाव चार्वाक. त्या पक्षाला मी तुच्छ लेखत नाही. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून त्याच्याबद्दल मला आदरच आहे. पण सिम्युलेशनचा, म्हणजे संगणकावर चालवलेल्या जगाचा, दाखला देणारे महाराज नकळत त्याच पक्षाचे वकीलपत्र घेतात आणि त्याला अद्वैताचा विजय म्हणतात, हे मला पाहवत नाही.

साम्य अजिबात नाही असे माझे म्हणणे नाही. योगवासिष्ठ या वेदान्तग्रंथात राणी लीलेच्या आख्यानात एका खोलीच्या आकाशात अख्खे राज्य आणि त्या राज्यातही आणखी जग अशी जी रचना आहे, ती वाचून आजचा संगणक शिकलेला मुलगाही थक्क होतो, आणि ते थक्क होणे रास्त आहे. परंतु शंकराचार्यांच्या परंपरेने सत्तेच्या, म्हणजे खरेपणाच्या, ज्या तीन पायऱ्या सांगितल्या, प्रातिभासिक (स्वप्नासारखा भास), व्यावहारिक (रोजचे जग) आणि पारमार्थिक (अंतिम सत्य), त्यांत संगणक चालवणाऱ्यांचे ते वरचे जग कुठे बसते ते पाहावे. तिथेही वीज लागणार, यंत्रे लागणार, ती चालवणारी देहधारी माणसे किंवा माणसासारखे कोणीतरी लागणार, त्यांना जन्म आणि मरण असणार. म्हणजे ते जगही व्यावहारिकच. आपल्या व्यवहाराच्या वर आणखी एक व्यवहार रचला, त्याच्यावर आणखी एक रचला, तरी परमार्थ एका बोटानेही जवळ येत नाही. बोस्ट्रॉम तर स्वतःच म्हणतात की आपल्याला चालवणारेही दुसऱ्या कोणाच्या संगणकात असू शकतील. आपल्या नैयायिकांनी अशा न संपणाऱ्या साखळीला अनवस्था म्हणून दोष दिला आहे. तोच दोष इथे पुरावा म्हणून टाळ्या घेतो.

आणि आपण ज्या भूमीत बोलता तिथे तर जगाला नुसते खोटे ठरवून कोणी थांबलेले नाही. आपेगावच्या कुळातल्या माउलींनी अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात अज्ञानाचे खंडन केले आहे आणि ते त्या ग्रंथातले सर्वांत मोठे प्रकरण आहे. जग हा अज्ञानाने उभा केलेला फसवा देखावा, असे म्हणून हात झटकणे त्यांना मान्य नाही. जग ही त्या एकाच वस्तूची प्रभा, तिचाच विलास, असे ते म्हणतात. ज्या संप्रदायाने जगाला चैतन्याचे तेज मानले, त्याच्या व्यासपीठावरून जग म्हणजे कोणा परक्याने चालवलेला बनाव, असे सांगणे हा माउलींच्या विचाराचा विस्तार होत नाही, विपर्यास होतो.

यातून मग देवाची गोष्ट येते. सिम्युलेशनमध्ये निर्माता आहे, त्याला सारे काही दिसते, तो वाटेल तेव्हा हस्तक्षेप करू शकतो, म्हणजेच देव आहे, असे सांगताना आपल्यापैकी काहींचा स्वर उंचावतो. पण तो निर्माता जगाच्या बाहेर बसलेला आहे. घडा घडवणारा कुंभार वेगळा आणि माती वेगळी, तसे त्याचे आणि आपले नाते. तो फार तर निमित्तकारण, म्हणजे घडवणारा; उपादान, म्हणजे ज्यातून घडते ते, त्याचे यंत्र. वेदान्ताचा ईश्वर निमित्तही आहे आणि उपादानही, हा भेद आपण पाठशाळेत शिकला आहात. औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते आणि जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव असे त्यांनी नामदेवांना सांगितले, ही कथा आपण किती रंगवून सांगता! नर्सीच्या त्या भक्ताला जिकडे पाय ठेवावे तिकडे पिंडी दिसली. प्रोग्रामरच्या बाबतीत नेमके उलटे आहे. या जगाचा कण न् कण धुंडाळला तरी तो इथे कुठेच नाही.

तो चांगला आहे याची तरी हमी कुठे? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपलेली असताना, किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात भूकंप झाला आणि सुमारे १०,००० माणसे गेली. परंपरेने या प्रश्नाला टाळलेले नाही. ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा आरोप येतो का, याची चर्चा ब्रह्मसूत्रांत स्पष्ट केली आहे आणि ईश्वर ज्याच्या त्याच्या कर्मानुसार फळ देतो, असे उत्तर दिले आहे. खरे सांगायचे तर किल्लारीपुढे ते उत्तर मला पुरत नाही. पण तिथे निदान प्रश्नाची लाज आहे, उत्तर देण्याची जबाबदारी आहे. देवाच्या जागी प्रोग्रामर बसवला की एवढेच उरते की कोणीतरी शक्य असूनही ती पहाट तशीच होऊ दिली, कदाचित पुढे काय होते ते पाहण्यासाठी. त्याला भ्यावे, त्याच्याशी सौदा करावा, त्याच्यावर रागवावे, हे सगळे मला समजू शकते. त्याची भक्ती कशी करणार? डेव्हिड चाल्मर्स हे ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ या कल्पनेला इतरांपेक्षा पुष्कळ गांभीर्याने घेतात, तरी असा निर्माता असला तरी तो पूजेला पात्र ठरत नाही, असेच त्यांचेही मत आहे.

वागण्याच्या बाबतीतही ही कल्पना कुठे नेते ते पाहण्यासारखे आहे. रॉबिन हॅन्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००१ साली, म्हणजे बोस्ट्रॉम यांचा निबंध छापून येण्याआधीच, सिम्युलेशनमध्ये राहत असू तर कसे जगावे यावर लिहिले. इतरांची काळजी थोडी कमी करावी, आजच्यापुरते जगावे, पाहणाऱ्याचे मनोरंजन होईल असे वागावे, आसपासच्या नामवंतांना खूश ठेवावे, असा त्यांच्या तर्काचा निष्कर्ष आहे. त्यांनी तो तर्क शेवटपर्यंत नेला याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. पण महाराज, ‘जे जे भेटे भूत, तें तें मानिजे भगवंत’ ही ओवी ज्या गळ्यातून निघते, त्याच गळ्यातून ज्या विचाराचा शेवट असा होतो त्याचा गौरव निघू नये. आणि उद्या कोणी भोंदू बाबा ‘तुमच्या नशिबाचा कोड बदलून देतो’ म्हणून गावात दुकान मांडील, तेव्हा त्याच्यासाठी जमीन आपणच नांगरून ठेवली होती असे होऊ नये. नवस-सायास आणि चमत्कार यांच्यावर संतांनी जेवढे कठोर शब्द वापरले तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावर वापरले असतील.

गेल्या चैत्रात माजलगावकडच्या एका सप्ताहात मी हे कीर्तन समोर बसून ऐकले. महाराज तरुण होते, आवाज सुरेख होता, पाठांतर चोख होते. सुख खेळातले, दुःखही खेळातले, स्क्रीन बंद झाली की सगळे संपले, असे ते म्हणाले आणि विठ्ठलनामाचा गजर झाला. डावीकडे बायकांत अगदी पुढे एक माउली बसल्या होत्या, ज्यांच्या कर्त्या मुलाने त्याच वर्षी कर्जापायी जीव दिला होता. त्यांनी टाळी वाजवली नाही; पदराचे टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिल्या. पंगतीनंतर त्या मला म्हणाल्या, “मंग आमचं दुखबी खोटंच म्हणायचं का, सर?” मी त्यांना म्हणालो की नाही मावशी, खोटे नाही. त्याहून जास्त मला तिथे बोलता आले नाही, आणि हे पत्र लिहिण्याचे ते एक मोठे कारण आहे.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर सिम्युलेशन मानणाऱ्यांनीसुद्धा दिलेले आहे, हे आपल्याला सांगितले पाहिजे. चाल्मर्स म्हणतात की जग संगणकावर चालत असले तरी त्यातली झाडे, घरे, माणसे खोटी ठरत नाहीत. ती कशाची बनलेली आहेत याबद्दलची आपली समजूत तेवढी बदलते. वेदना ज्याला होते त्याला ती होतेच. बोस्ट्रॉमही म्हणतात की आपण अशा जगात असलो तरी ते जाणून घेण्याचा उत्तम मार्ग म्हणजे नेहमीसारखे निरीक्षण आणि अभ्यास करणे, आणि त्यामुळे वेड्यासारखे वागायला काही कारण मिळत नाही. पैठणच्या नाथांनी हे फार आधी करून दाखवले. भागवतावर टीका लिहिणारा, अद्वैत ज्याच्या हाडीमांसी भिनले होते असा हा पुरुष. काशीहून रामेश्वरासाठी आणलेल्या कावडीतले गंगाजल त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी घातले. त्यांचे अद्वैत गाढवाच्या तहानेला खोटे म्हणाले नाही. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. तहान म्हणजे काय हे ज्या मुलखाला इतके ठाऊक आहे तिथे नाथांची ही गोष्ट सांगणाऱ्याने दुःखाला पडद्यावरचे चित्र म्हणू नये.

हा विषय कीर्तनात काढूच नये, अशी माझी मुळीच इच्छा नाही. लातूर-नांदेडच्या शिकवणीवर्गांत राहणारी मुले सुट्टीत गावी येतात तेव्हा देव म्हणजे प्रोग्रामर का, हे विचारतात, आणि मनापासून विचारतात. त्यांना गप्प बसवणे हे खोटे सांगण्याइतकेच वाईट. आपण त्यांना तिन्ही शक्यता सांगाव्यात, यातले काहीही अजून सिद्ध नाही हे सांगावे, आणि मग त्यांना विचारावे की समजा सारे जग गणिताने चालते, तर ते गणित ज्याला दिसते, सुख आणि दुःख ज्याच्यापुढे येऊन जाते, तो जाणणारा कोण. हा प्रश्न सिम्युलेशन खरे असले तरी तसाच शिल्लक राहतो आणि खोटे असले तरी तसाच शिल्लक राहतो. विज्ञानाजवळ त्याचे पक्के उत्तर आज नाही, आणि आपल्याजवळचे उत्तर शब्दाने देता येण्यासारखे नाही असे आपलेच संत म्हणून गेले. एवढा प्रामाणिकपणा त्या मुलांना पुरतो. वर्गात उभे राहून मी ते पाहिले आहे. आपली श्रद्धा अमेरिकेतल्या कोणाच्या शिक्क्याने मोठी होत नाही, आणि तो शिक्का उद्या पुसला गेला तर त्याच्यावर टेकवलेली श्रद्धा त्या मुलांच्या मनातून आधी उतरेल.

वारकरी शिक्षण संस्था चालवणाऱ्या मंडळींना माझी वेगळी विनंती आहे. साधकांना ज्ञानेश्वरी, गाथा आणि मृदंग शिकवतानाच वर्षातून चार-दोन दिवस तरी भौतिकशास्त्राच्या आणि संगणकाच्या जाणकारांना बोलवावे, म्हणजे दाखला देण्याआधी तो तपासण्याची सवय लागेल. अंबाजोगाईत मुकुंदराजांच्या समाधीपासून थोड्याच अंतरावर मी राहतो. बीड, परभणी, लातूर, हिंगोली या भागातल्या ज्या संस्थेला किंवा ज्या महाराजांना यावर बसून बोलावेसे वाटेल त्यांच्याकडे मी स्वखर्चाने येईन. येताना त्या निबंधाचा मराठी गोषवारा करून आणीन. आपण अमृतानुभवाचे सातवे प्रकरण काढून ठेवावे.

आपला नम्र,
एक निवृत्त भौतिकशास्त्र प्राध्यापक,
अंबाजोगाई